शनिवार-रविवारचं घर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ‘सभासदांचे अनुभव’ या सत्रात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘जुन्या घराची दुरुस्ती’ असा विषय छापलाय. विषय बांधकामाचा आणि बोलणारी मराठीची शिक्षिका, म्हणून काहींना नवल वाटलं असेल. पण गेली काही वर्षं दर शनिवारी दुपारी आमची मोटारसायकल गेटमधून बाहेर पडताना तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. पुढं आमचे हे, मागं मी, माझ्या मांडीवर घमेलं, घमेल्यात थापी, ओळंबा आणि जेवणाचा डबा. आपले वॉचमनमामा एकदा मला म्हणाले, “ताई, शाळा सोडून गवंडीकाम धरलं काय?” तेव्हा काय उत्तर द्यावं ते सुचलं नव्हतं. आज सविस्तर देते.

आमचं गाव धारूरच्या रस्त्याला, आडसच्या पुढं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. तिथं सासऱ्यांचं घर आहे. पाच खणांचं माजघर, पुढं ओसरी, मग अंगण, दाराला ढाळज. काळ्या दगडाची अडीच फूट रुंद भिंत. वर सागवानी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यावर पाला आणि पाल्यावर माती. म्हणजे माळवद. आपल्यापैकी अर्ध्याअधिक लोकांचं बालपण अशाच घरात गेलंय. उन्हाळ्यात माळवदावर अंथरूण टाकायचं आणि चांदण्या मोजत झोपायचं, हे कुणाला सांगायला नको. मे महिन्यातल्या दुपारी आपल्या तिसऱ्या मजल्यावर पंखा गरम वारा फेकतो, त्या वेळी त्या माजघरात पंख्याशिवाय झोप लागते.

पण आमच्या घरात त्या माजघराचं नाव काढलं की दोन तट पडायचे. त्याचं कारण ३० सप्टेंबर १९९३.

तारीख सांगितली की मराठवाड्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. तरी मुलांसाठी सांगते. गणपती विसर्जनाची रात्र. लोक दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावंच्या गावं जमिनीला मिळाली, हजारो माणसं गेली. माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्या डोक्यावर दोन-दोन फूट माती. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. बाकी तेरा जिल्ह्यांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची सरकारी योजना आली. पण दगडाच्या घराची धास्ती लोकांनी इतकी घेतली होती, की पुष्कळांनी मिळालेल्या पैशांत जुन्या घराची दुरुस्ती न करता शेजारी पत्र्याची एक खोली बांधली. आमच्या घरीही तेच झालं.

किल्लारीपासून आमचं गाव शंभरेक किलोमीटर. गावात जीवितहानी झाली नाही. पण आमच्या घराची पश्चिमेची भिंत फुगली, आतली दगडं माजघरात ढासळली. त्या पहाटे आत तिघं होती. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांच्या म्हाताऱ्या सासूबाई, आणि माझे दीर. भाऊजी तेव्हा दहावीला होते. आमचे हे कॉलेजला अंबाजोगाईला, खोली करून राहायचे. आत्याबाईंनी एका हातानं सासूला आणि दुसऱ्या हातानं पोराला ओढत अंगणात आणलं. त्या दिवसापासून आत्याबाई त्या माळवदाखाली झोपल्या नाहीत. पुढं सासरे गेले, भाऊजी पुण्याला नोकरीला लागले, आत्याबाई आमच्याकडं आल्या आणि घराला कुलूप लागलं. आपल्या सोसायटीत आल्यावरही पहिले काही महिने त्या दाराजवळ अंथरूण टाकायच्या. जुन्या शेजाऱ्यांना आठवत असेल.

आमच्या ह्यांच्या मनात मात्र घर म्हणजे चांदण्या, थंडगार माजघर, भिंतीतल्या बळदातली ज्वारी आणि देवळीतला दिवा. सुट्टीत गावाकडं गेलो की कुलूप काढून आत एक चक्कर मारायची, सुस्कारा टाकायचा, कुलूप लावायचं. असं वीस-पंचवीस वर्षं चाललं.

फेब्रुवारी २०२० च्या शेवटी राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. ह्यांना दर शनिवारची सुट्टी मिळाली. लोकांनी त्या सुट्टीत काय काय बेत केले असतील! ह्यांनी एकच केला, “आता घर नीट करू.” लगेच लॉकडाऊन लागला, म्हणून सुरुवात व्हायला दिवाळी उजाडली. माझी शनिवारी सकाळची शाळा. शाळा सुटली की मी निघायची, संध्याकाळपर्यंत काम, रात्री मुक्काम त्या पत्र्याच्या खोलीत, रविवारी दिवसभर काम, आणि अंधार पडायच्या आत परत. घाटातला रस्ता रात्री नको, ही माझी अट.

आत्याबाईंनी विरोध केला. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं. “लेकरा, तू तवा तिथं नव्हतास.” हे त्यावर हसायचे, म्हणायचे, “आई, तीस वर्षं होत आली, अजून उभंय की घर!” मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, म्हातारं माणूस आहे, भीती बसलीय, घर छान झालं की जाईल.

पहिल्या वर्षी आम्ही जे केलं ते सांगायला आज लाज वाटते. तरी सांगते, कारण ती चूक पुष्कळजण करतात. आम्ही दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात केली. दारं घासली, तेलपाणी केलं. फरशी धुतली. वाळवी लागलेल्या दोन कड्या होत्या, त्यांच्याकडं ‘नंतर बघू’ म्हणून काणाडोळा केला. आणि ओल आलेल्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचं गुळगुळीत प्लास्टर केलं. आम्ही दोघांनी स्वतः, यूट्यूबवर बघून. हात सोलले, पण भिंत अशी तुळतुळीत झाली, की ह्यांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

सप्टेंबर २०२१ चा शेवटचा आठवडा तुम्हाला आठवत असेल. गुलाब चक्रीवादळाचा पाऊस. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठची शिवारं पाण्याखाली गेली, सोयाबीन शेतातच सडलं. लोकांचं इतकं नुकसान झालं होतं की आपल्या भिंतीचं दुःख सांगायची सोय नव्हती. रस्ते सुरू झाल्यावर आम्ही गेलो. ताटाएवढे सिमेंटचे पोपडे खाली पडले होते. प्लास्टरच्या मागची माती लोण्यासारखी मऊ झाली होती. पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं होतं, तिथं बोटभर फट पडली होती.

नंतर कारण कळलं. मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल वर चढते आणि भिंतीच्या अंगातून बाहेर वाळून जाते. भिंत श्वास घेते म्हणा ना. मातीचा गिलावा, चुन्याचा गिलावा हा श्वास अडवत नाही. सिमेंट अडवतं. आत कोंडलेलं पाणी मातीला मऊ करतं आणि सिमेंटचा कडक पापुद्रा सुटून येतो. आम्ही हौसेनं, पैसे घालून, स्वतःच्या हातानं भिंतीचं नाक दाबलं होतं.

त्या दिवाळीला भाऊजी आले. त्यांनी भिंत पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, “दादा, पाडून टाक. कुणीतरी मरायच्या आत पाड.” आमच्या भागात जुनं सागवान विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात. तुळया, खांब, दाराची चौकट बघून जागेवर भाव करतात. भाऊजींनी असा एक व्यापारी बोलावूनही ठेवला होता. दोघं भाऊ भांडले. इतके की भाऊबीज झाल्या दिवशीच भाऊजी निघून गेले. ह्यांनी मला म्हटलं, “त्याला फक्त पैसे दिसतात.” आणि मी, माझ्या जन्मात क्वचित घडलेली गोष्ट, गप्प बसले. आत्याबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

इथून पुढं आपल्या सोसायटीचा भाग सुरू होतो. आपल्या ए विंगमध्ये एक निवृत्त इंजिनिअर काका राहतात. नाव घेऊ नका, अशी त्यांची ताकीद आहे, पण ते समोर बसलेत आणि सगळे त्यांच्याकडंच बघतायत, त्याला माझा इलाज नाही. भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामावर त्यांनी तरुणपणी गावोगाव काम केलंय. मी त्यांना मोबाईलवर फोटो दाखवले. काका म्हणाले, “आजारी माणसाला पावडर लावलीत तुम्ही.” मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आम्ही एवढ्या वर्षांत विचारला नव्हता. “त्या पहाटे आत कोण होतं? आधी काय पडलं, हे त्यांना कुणी विचारलं का?”

मी त्या रात्री भाऊजींना फोन केला. ह्यांना न सांगता केला. म्हटलं, “भाऊजी, पाडायचं का ठेवायचं ते नंतर. मला फक्त सांगा, त्या पहाटे काय झालं.” बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग बोलायला लागले ते पाऊण तास बोलले. म्हणाले, आधी वरून माती पडली, डोळ्यांत, तोंडात. मग भिंतीतली आतली दगडं माझ्या अंथरुणावर आली. पायावर. बाहेरची भिंत तशीच उभी होती, वहिनी, आणि तुळयाही जागेवर. फक्त आतलं अंग सुटून आत आलं. आई मला ओढत होती तेव्हा मला वाटत होतं, पाय मागंच राहिला. आणि शेवटी म्हणाले, “दादाला तिथं झोप आठवते. मला ते आठवतं.”

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं ह्यांना सांगितलं. हे काही बोलले नाहीत. खूप वेळ गॅलरीत उभे राहिले. आत आल्यावर म्हणाले, “मी त्याला एकदाही विचारलं नाही.”

काकांना मात्र भाऊजींच्या एका वाक्यावरून रोग सापडला. आतलं अंग सुटलं, बाहेरचं उभं राहिलं. आपल्याकडची दगडी भिंत दिसायला एक असते, पण असते दोन. बाहेरून घडीव दगडाचा एक थर, आतून दुसरा थर, आणि मधे चिपा आणि चिखल भरलेला. दोन्ही थरांना बांधून ठेवायला मधेमधे आरपार जाणारा लांब दगड घालायचा असतो. त्याला जोडदगड म्हणतात. आमच्या भिंतीत तो जवळपास नव्हताच. त्यात डोक्यावर मातीचं ओझं. हलवलं की दोन अंगं एकमेकांपासून सुटतात, मधला भराव खाली बसतो आणि भिंतीचं पोट फुटतं.

काकांनी क्रम घालून दिला. आधी धिरे लावा. मग वरचं वजन उतरवा. मग भिंतीची दोन अंगं बांधा. मग लाकूड. गिलावा सगळ्यात शेवटी. म्हणजे आम्ही जिथून सुरुवात केली होती ते शेवटचं काम होतं. काका स्वतः गावी आले, टिकाव मारून मारून भिंती तपासल्या आणि म्हणाले, “घर वाचतं. पण मी सांगेन त्या दिवशी सांगेन तेवढंच करायचं.”

माळवदावर माती किती होती, तर मोजली तेव्हा दीड फूट. एवढी कशी? दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, माळवदावर पांढरीची नवी माती टाकायची पद्धत. गळू नये म्हणून टाकायची, जुनी मात्र कुणी काढत नाही. आत्याबाई म्हणाल्या, “बहात्तर साली टाकली न्हाई. पाऊसच नव्हता, गळायचं कशाला? आमी खडी फोडायला जायचो.” त्या एका दुष्काळाचं वर्ष सोडलं तर त्यांच्या लग्नापासून दर वर्षीची माती तिथं होती.

हिशेब मांडायला मला आवडतं, म्हणून मांडला. एक खण साधारण पाच बाय बारा फुटांचा, म्हणजे साठ चौरस फूट. पाच खण म्हणजे तीनशे. त्यावर दीड फूट माती म्हणजे साडेचारशे घनफूट. एक घनफूट कोरडी माती पंचेचाळीस किलोच्या आसपास धरा. म्हणजे वीस टन. दोन भरलेले ट्रक डोक्यावर घेऊन आपण खाली निवांत झोपत होतो! ती अर्ध्या फुटावर आणायची, म्हणजे तेरा-साडेतेरा टन माती खाली उतरवायची. पंधरा किलोचं घमेलं धरलं तर नऊशे घमेली.

दोघांनी तीन शनिवार-रविवार केलं आणि ह्यांची कंबर धरली. चौथ्या शनिवारी मी एकटीच बाजारात भाजी घेताना तळमजल्यावरच्या वहिनी भेटल्या. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “मग सावड करू की!” सावड आपल्याकडं शेतातली. आज माझ्या रानात सगळे, उद्या तुझ्या. सोसायटीत सावड मी तोवर ऐकली नव्हती. फेब्रुवारी २०२२ मधला तो रविवार मी विसरणार नाही. दोन जीप करून आपली एकोणीस माणसं आली. इथल्या कार्यकारिणीतले चौघं त्यात होते, ज्यांचं एरवी पार्किंगच्या विषयावर कधी एकमत होत नाही. शिडीपासून ढाळजेपर्यंत साखळी लावली आणि घमेली हातोहात खाली. मुलांनी मोजदाद केली. दुपारी पिठलं, भाकरी आणि ठेचा. संध्याकाळी चारला माळवद रिकामं. शेवटचं घमेलं उतरलं तेव्हा आमची मोठी तुळई करकरली. सगळे दचकले. काका म्हणाले, “घाबरू नका. ओझं उतरल्यावर माणूसपण कण्हतं.”

वाळवी खाल्लेल्या कड्या सुताराकडून बदलून घेतल्या. ते काम आमचं नव्हतं आणि आम्ही ते अंगावर घेतलंही नाही. मग पाला-किलच्या नीट करून थोडी माती, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पुन्हा माती, सगळी मिळून अर्धा फूट. उतार पन्हाळाकडं. त्या पावसाळ्यात घर थेंबभर गळलं नाही. जाड थर म्हणजे पक्कं छत, ही आपली समजूत. गळती थांबवतो तो उतार आणि मोकळं पन्हाळ.

पाऊस उघडल्यावर जोडदगडांचं काम धरलं. भिंतीवर खडूनं खुणा केल्या. आडव्या दर चार फुटांवर एक, उभ्या दर दोन फुटांवर एक, तिरक्या मांडणीत. प्रत्येक खुणेवर पहारीनं हळूहळू दगड सैल करून, बाकीच्या भिंतीला धक्का न देता, आरपार भोक पाडायचं. दोन्ही टोकांना रुंद, मधे अरुंद. त्यात दोन्हीकडं आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. म्हणजे भिंतीच्या दोन अंगांना घातलेली गुंडीच. गावातले म्हातारे गवंडी मिस्त्री सोबत असायचे. ते नसतील तर आम्ही भिंतीला हात लावत नव्हतो. एका शनिवार-रविवारी दोन व्हायचे, फार तर तीन. शेजारी-शेजारी कधीच नाही, आधीचा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. नुसत्या पश्चिमेच्या भिंतीत चोवीस. सगळ्या भिंती पुऱ्या व्हायला पुढचा उन्हाळा आला. मग तुळयांच्या खालून घराभोवती जाळीचा आणि सिमेंटचा पट्टा, आणि खांब-तुळईच्या सांध्यात लोहारानं केलेले तिरके लोखंडी आधार. सिमेंट वाईट नाही, एवढं माझ्या लक्षात आलं. सिमेंटची जागा असते, ती सोडून वापरलं की वाईट.

या सगळ्या काळात आम्हा नवरा-बायकोची भांडणं झाली का? भरपूर झाली. ओळंबा कुणी नीट धरला नाही, सळई कमी का आणली, डब्यात पुन्हा वांग्याचीच भाजी का. एकदा मी रागानं एसटीनं एकटी परत आले. पण एक सांगते. एरवी आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, फी भरायची, आईची गोळी आणा. तिथं भोकाच्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी. आरपार उजेड दिसला की दोघंही भोकातून एकमेकांना हाक मारायचो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती.

शेवटी गिलावा. कळीचा चुना आणून खड्ड्यात भिजवला. भिजवताना तो उकळतो, अंगावर उडाला की भाजतं, म्हणून मुलांना लांब ठेवलं. महिनाभर पाण्याखाली मुरवला. एक भाग चुना, तीन भाग वाळू. आतल्या भिंतींना मात्र मातीचाच गिलावा. पांढरी माती, भुसा आणि शेण कालवून आठ दिवस कुजवलेला. आत्याबाई तेव्हा पहिल्यांदा कामावर आल्या. दिवसा, आणि उंबऱ्याच्या बाहेर खुर्ची टाकून. माझा गिलावा पाहून म्हणाल्या, “चपातीवाणी नगं थापू. भाकरीवाणी थाप.” तेव्हापासून तो पडला नाही.

२१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली, नांदेड, परभणीकडं भूकंपाचे धक्के बसले. टीव्हीवर बातमी आली. मला वाटलं, संपलं, आता आत्याबाई गावाचं नाव काढू देणार नाहीत. त्या बातमी पूर्ण होईपर्यंत बसून राहिल्या. मग ह्यांना म्हणाल्या, “शनवारी मला घेऊन चल. भिंत बघायचीय.”

शनिवारी त्या तीस वर्षांनी उंबरा ओलांडून माजघरात गेल्या. काठी टेकत पश्चिमेच्या भिंतीपाशी गेल्या. आम्ही जोडदगडांच्या जागी गिलाव्यात बारीक खूण ठेवलीय, म्हणजे पुढच्या पिढीला कळावं. त्यांनी एकेका खुणेवर हात ठेवून मोजलं. चोवीस. काही बोलल्या नाहीत.

मे महिन्यात भाऊजी मुलांना घेऊन आले. त्या फोननंतर दोघं भाऊ बोलायला लागले होते, आणि पैशाचा अर्धा वाटा भाऊजींनी स्वतःहून उचलला होता. त्यांनीही भिंत पाहिली, काकांच्या मापाप्रमाणे सगळं तपासलं. मुलं माळवदावर चांदण्या मोजत झोपली. आत्याबाई ओसरीत झोपल्या, दार उघडं ठेवून. भाऊजींनी अंगणात बाज टाकली. कुणी त्यांना आत चला म्हटलं नाही. सकाळी ह्यांनी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, “दादा, दर वर्षी मृगाच्या आधी पन्हाळ साफ करायचं काम माझं.” आजही ते गावी आले की अंगणातच झोपतात. घर मजबूत झालं म्हणून माणसाची भीती जावीच, असा हट्ट आम्ही आता धरत नाही. पण घर पाडायचं नाव पुन्हा निघालं नाही.

मंडळी, माझी वीस मिनिटं संपत आलीत. सचिवभाऊ घड्याळाकडं बघतायत.

आपली इमारतही पंचवीस वर्षांची झाली. रौप्यमहोत्सवानिमित्त बाहेरून रंग द्यायचा ठराव येणार आहे. रंगाला माझा विरोध नाही. पण पावडर लावायच्या आधी एक करू. वरच्या मजल्यावरच्या चार घरांना विचारू, कुठं गळतं. तळमजल्यावरच्यांना विचारू, कुठं ओल येते. लिफ्टमध्ये एकदा अडकल्यापासून जिना चढणाऱ्या आपल्या आजींना विचारू. ज्यांच्या अंगावर दगड आला त्यांना आधी विचारायचं, हे शिकायला आम्हाला अठ्ठावीस वर्षं आणि एक वाया गेलेलं प्लास्टर लागलं. मग इंजिनिअरकडून इमारतीची तपासणी करून घेऊ. आणि दर वर्षी मे महिन्यात गच्चीवरचे पाण्याचे पाइप साफ करायला एक रविवार सावड करू. पिठलं-भाकरीचं माझ्याकडं लागलं.

आणि गावाकडं ज्यांचं माळवद अजून उभं आहे, त्यांना एवढंच सांगते. यूट्यूब बघून भिंतीला हात लावू नका. जाणत्या इंजिनिअरला आणि जुन्या गवंड्याला एकत्र नेऊन दाखवा. काही घरं वाचत नाहीत, ती वेळेवर उतरवलेलीच बरी. पण वाचणारी पुष्कळ आहेत.

नऊशे घमेल्यांतली बरीचशी ज्यांच्या हातून गेली, ते एकोणीसजण आज इथं आहेत. त्यांचे आभार मानून त्यांना परकं करत नाही. घराची किल्ली आमच्या दाराच्या मागं खिळ्याला असते. शनिवारी दुपारनंतर कधीही या.